धुण्यात निघालेला डाग

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते तेव्हा, कबीर, तू फोनच्या पडद्यावरून विचारलंस, "आजी, दुखतं का गं?" आणि मी म्हणाले, "छे, मुळीच नाही."

ते खोटं होतं. माझ्या उजव्या खुब्यावर वीतभर शिवण होती. तिच्या खालच्या टोकाला कुणी निखारा टेकवून ठेवल्यासारखं जळत होतं आणि मांडीखालचा परकर ओलसर लागत होता. ईरा, तू मागून डोकावून विचारलंस, "मग चेहरा असा का केलायस?" मी म्हणाले, "ऊन येतंय डोळ्यांवर." धुळ्याच्या आपल्या घरातल्या त्या खोलीत सकाळी ऊन येतच नाही, हे तुम्हांला तिकडे बसून माहीत नाही, म्हणून निभावलं.

एका दिवाळी अंकासाठी मला नोकरीतले अनुभव लिहायला सांगितलंय. एकतीस वर्षं मी जळगावच्या एका हाडांच्या दवाखान्यात नर्स होते, शेवटची चौदा वर्षं वॉर्डची मुख्य सिस्टर. सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण कागद पुढे ओढला की तुम्ही दोघं दिसता आणि तो प्रश्न ऐकू येतो. तेव्हा बाकीचं राहू दे, त्याचंच उत्तर लिहिते. इतर वाचकांनी वाचलं तरी चालेल. खुबे सगळ्यांनाच असतात.

आधी थोडं समजून घ्या. मांडीचं हाड कमरेला जिथे जोडलेलं असतं, तो सांधा म्हणजे खुबा. हाडाच्या वाटीत हाडाचाच चेंडू. तो झिजला किंवा पडून मोडला, की डॉक्टर तो काढून धातूचा बसवतात. तिथे पोचायला कातडी, चरबी, स्नायू कापत आत जावं लागतं आणि परत येताना एकेक थर शिवत यावं लागतं. सगळ्यात वरच्या कातडीला आमच्याकडे पिना मारतात, कागद जोडायच्या यंत्रासारख्याच यंत्राने. तीसेक पिना लागतात. घरचे लोक विचारतात ते सांध्याबद्दल. किती वर्षं टिकेल, मांडी घालता येईल का, शेतात जाता येईल का. पण पेशंटला पहिले पंधरा दिवस सांधा जाणवतही नाही. जाणवते ती शिवण.

ती ओढते. खुर्चीतून उठताना वाटतं, कातडी दोन बोटं कमी पडली आहे. ती जळते. पाचव्या-सहाव्या दिवशी खाज सुटते आणि खाजवता येत नाही. चादरीची एक सुरकुती खाली आली तरी दोरखंडावर झोपल्यासारखं होतं. सगळं रक्त खाली उतरतं आणि मांडी गुडघ्यापर्यंत जांभळी-हिरवी होते. ती पाहून घरची माणसं पेशंटच्या आधी रडू लागतात. शिवणीभोवतीची तळहाताएवढी जागा मात्र बधिर असते. आमच्याकडे एक मारवाडी शेठजी होते, कापडाचे मोठे व्यापारी. ते त्या बधिर जागेला चिमटा काढून रोज मला विचारायचे, "सिस्टरजी, ये चमडी मेरी है, या डॉक्टरसाबकी?" मी म्हणायचे, "आपकीही है शेठजी, अभी सो रही है." सहाव्या दिवशी त्यांनी चिमटा काढला आणि ओरडले, "जागी! जागी!" आख्खा वॉर्ड हसला.

हे सगळं व्हायचंच. ‘नॉर्मल आहे’ हे दोन शब्द मी दिवसातून चाळीस वेळा बोलायचे. पेशंटच्या कपाळावरची आठी जायची, मला पुढच्या खाटेकडे जाता यायचं.

पण या नेहमीच्या दुखण्यात मिसळून कधीतरी दुसरंच दुखणं येतं, आणि त्याचा आवाज अगदी पहिल्यासारखाच असतो. कमी होत आलेली जळजळ पुन्हा वाढते. कोरडी झालेली शिवण पुन्हा ओली होते. म्हणजे जंतूंना वाट सापडलेली असू शकते. त्या वाटेने ते धातूपर्यंत गेले तर कठीण. धातूत रक्त फिरत नाही, तिथे जंतू चिकटून बसले की औषध नीट लागू पडत नाही. मग सांधा उघडून धुवावा लागतो. तेवढ्याने भागलं नाही, तर काढून टाकावा लागतो. खुब्यात काहीच नसलेला माणूस कसा चालतो, हे मी नोकरीत दोनदा पाहिलं. पुन्हा पाहायचं नाही.

तिसऱ्यांदा पाहायची वेळ माझ्यामुळे येणार होती. ती गोष्ट सुभद्राअक्कांची. मी निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधीची.

अक्का रावेरकडच्या, तापीकाठच्या. साठीच्या, उंच, घरच्या केळीच्या बागेत स्वतः फिरून मजुरांवर नजर ठेवणाऱ्या. ठिबकची नळी पायात अडकून पडल्या आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. पाचव्या दिवशी मी पट्टी बदलली, शिवण वरपासून खालपर्यंत कोरडी होती. त्या दिवशी त्यांना घरी सोडलं. घरी होता मुलगा मोहनभाऊ आणि सून नंदा, पंचविशीची, सदा पदर खोचून कामात.

लांबच्या पेशंटना दवाखान्यात हेलपाटा नको, म्हणून आमचे डॉक्टरसाहेब आठव्या दिवशी दवाखान्याची गाडी देऊन मला गावोगाव पाठवायचे. मी शिवण पाहायची, जरूर तर पट्टी बदलायची, आणि एका कार्डावर लिहून यायचं. साहेबांना माझं इंग्रजी फार पसंत. मी धुळ्यात इंग्रजी शाळेत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. माझी कार्डं ते नव्या डॉक्टरांना नमुना म्हणून दाखवत. मलाही त्याचा तोरा होता, खोटं कशाला सांगू.

वैशाख होता. अक्कांच्या घरी पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते आणि त्यानंतर आणखी तीन गावं करायची होती. ओसरीवर दहा-पंधरा माणसं बसलेली. अक्का आतल्या खोलीत खाटेवर, उजव्या कुशीकडे थोड्या कललेल्या. नंदा पंख्याने वारा घालत होती.

"कसं वाटते अक्का?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना मलाही तशी बोली यायची.

"काय सांगू माय. खाली आग पडते नुसती. पन तुम्हीच तं म्हनल्या व्हत्या, आग पडनारच म्हनून."

"पडते थोडे दिवस. नॉर्मल आहे. वळा बरं जरा, मला पाहू द्या."

"राहू द्या ना आता. बाहीर दीर बसेल हायेत माझे. दार बी नीट लागत नाही या खोलीचं."

मी परकर थोडा बाजूला सारला. पट्टीचा वरचा अर्धा भाग दिसला. पांढरा, कोरडा, कडा घट्ट चिकटलेल्या. खालचा भाग त्यांच्या अंगाखाली होता. तिथे परकरावर तपकिरी डाग दिसला, हातभर लांब. मी बोट लावणार तेवढ्यात नंदा हसली.

"ताई, ते चिकाचं हाय. आमच्या घरात बिनडागाचं एक कापड शोधून दाखवा, नवी साडी नेसवते तुम्हाले."

खरंच होतं ते. केळीचं खोड कापलं, घड उतरवला की पाण्यासारखा चीक गळतो. आधी दिसत नाही, वाळला की तपकिरी होतो, मग काळा. कशानेही निघत नाही. त्या घरात चादर, गोधडी, उशीचा अभ्रा, मोहनभाऊंचा सदरा, सगळ्यावर तेच डाग. खाटेवर अंथरायला मऊ म्हणून जुनीच कापडं घेतलेली. त्यात हा एक. मी पण हसले. अक्का हसल्या. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला.

कार्ड काढलं आणि माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं: वूंड हेल्दी. नो डिसचार्ज. म्हणजे जखम चांगली, काही वाहत नाही. मोहनभाऊंनी कार्ड दोन्ही हातांनी घेतलं आणि कॅलेंडरच्या खिळ्याला लावलं.

तीन दिवसांनी सकाळी वॉर्डमधला फोन वाजला. नंदा होती, आवाज दबलेला, शेजारी कोणी ऐकू नये असा.

"ताई, एक ईचारू? रागावू नका."

"विचार ना."

"केयीच्या चिकाचा डाग धुतल्यानं निघते का कधी?"

"नाही. तूच तर म्हणालीस."

"मंग अक्काच्या परकराचा निघाला. तुम्ही गेल्या त्याच दिवशी धुतला मी. पयल्याच पान्यात निघाला. दुसऱ्या दिवशीचा बी निघाला. आज बी."

मी खुर्चीवर बसले. 

"ताप आहे?"

"पहाटपासून थंडी वाजू राहिली त्याईले."

"अगं मग तीन दिवस का थांबलीस?" मी ओरडलेच.

 ती म्हणाली, "तुम्ही लिहून गेल्या व्हत्या ना. इंग्रजीत. मी यांले सांगतलं डागाचं. तं हे कार्डाकडे बोट दाखवून म्हने, सिस्टरपेक्षा तुले जास्ती कळते का?"

मला आजही ते वाक्य तसंच्या तसं ऐकू येतं.

जीपने त्यांना दवाखान्यात यायला दोन तास लागले. ते दोन तास मी वॉर्डच्या दारात उभी होते. कुणी काही विचारलं की उत्तर देत होते, पण काय दिलं ते आठवत नाही. अक्कांना खाटेवर घेतलं, मी पट्टी उचलली. या वेळी सगळी. वरचा भाग तसाच कोरडा, सुंदर. खालची दोन बोटं जागा लाल, ताणलेली, तुकतुकीत, आणि तिच्या टोकातून थेंब थेंब येत होतं. वासाबद्दल लिहीत नाही.

डॉक्टरसाहेब आले. मोहनभाऊंनी आठवणीने आणलेलं कार्ड त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी ते वाचलं, शिवण पाहिली, पुन्हा कार्ड वाचलं.  मीच म्हणाले, "सर, मी खालचा भाग पाहिला नव्हता."

"आधी पेशंट, सिस्टर. तुमचं नंतर," ते म्हणाले. ते नंतर कधी आलंच नाही. रागावले असते तर मला जास्त सोपं गेलं असतं.

त्याच दुपारी सांधा उघडला, धुतला, जो भाग बदलता येतो तो बदलला. साहेब बाहेर येऊन म्हणाले, "सांधा वाचेल असं वाटतंय. पण सहा आठवडे इंजेक्शनं, आणि शिवण पुन्हा ओली झाली तर मात्र काढावा लागेल." मग रोज सकाळी मी ती पट्टी उचलायची. चाळीस-बेचाळीस सकाळी. दुसऱ्या कुणाला मी ते काम दिलं नाही. पट्टीचा कोपरा बोटात धरायचा आणि वर उचलायच्या आधी एक क्षण थांबायचं. अक्का माझ्या तोंडाकडे पाहायच्या. माझं तोंड कसं दिसतं, त्यावरून त्यांना आपला सांधा राहणार की जाणार ते कळायचं.

दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांना सांगून टाकलं. "अक्का, त्या दिवशी घरी मी खालचं टोक पाहिलं नव्हतं. न पाहता लिहिलं."

 त्या छताकडे पाहत म्हणाल्या, "मंग आता पाह्यत जा."

एवढंच. त्यांचा सांधा वाचला. आज काठी घेऊन बागेत जातात. मला दोषही दिला नाही आणि माफ केलं असंही कधी म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर माझ्या वॉर्डमध्ये ‘हेल्दी’ हा शब्द बंद झाला. डॉक्टरांसाठी काय लिहायचं ते लिहा, पण घरी जाणाऱ्या कागदावर मराठीत लिहायचं, आणि मत लिहायचं नाही, दिसलं ते लिहायचं. कोरडं की ओलं. रंग काय. खालचं टोक पाहिलं की नाही. खाली वाक्य: काही वेगळं वाटलं तर या कागदावर विश्वास ठेवू नका, फोन करा. साहेब म्हणाले, "सिस्टर, दवाखान्याच्या कागदावर असं लिहितात का?" पण त्यांनी छापून दिलं. नव्या मुली मला पाठीमागे ‘खालचं टोक मॅडम’ म्हणायच्या. रेश्मा नावाची एक नर्स तर माझी चांगली नक्कल करायची, चष्मा नाकावर ओढून, कंबर वाकवून, "खालचं टोक? खालचं टोक?" मी ती दाराआडून दोनदा पाहिली. छान करायची.

आता त्या नवव्या दिवसाकडे येते.

माझा खुबा कित्येक वर्षं झिजत होता. ऑपरेशन मी माझ्या जुन्या दवाखान्यातच करून घेतलं. पाचव्या दिवशी धुळ्याला घरी आले. तुमचे आबा जातीने सेवा करत होते. ते एसटीच्या ऑफिसात हिशेबनीस होते, रक्त पाहिलं की त्यांना घेरी येते. पण पोटात द्यायचं रक्त पातळ करणारं इंजेक्शन ते डोळे मिटून देत होते, आणि मी म्हणत होते, "अहो, निदान सुई टोचताना तरी उघडा!"

तुमचा फोन बंद झाला आणि मी परकराला हात लावून पाहिला. बोटं ओली झाली.

तुम्हांला एक गंमत सांगते, तेव्हा गंमत वाटली नाही. हजारो शिवणी पाहिलेल्या बाईला स्वतःची शिवण दिसत नाही. मी मान वळवली, कमरेतून वळायची मनाई असल्यामुळे तिथेच थांबले. कपाटातला हातात धरायचा आरसा घेतला, त्यात उशी दिसली. मग मी स्वतःला सांगायला सुरुवात केली: जळजळ होतेच. थोडं पाणी येतंच. नॉर्मल आहे. माझा आवाज मला एकतीस वर्षांच्या सवयीचा, अगदी विश्वासाचा, आणि मला त्यातला एक शब्दही खरा वाटेना.

मी परकर कसाबसा बदलला आणि काढलेला उशीखाली कोंबला. हो, लपवला. चौदा वर्षं वॉर्ड चालवलेल्या बाईने. का, ते सांगते. डाग कुणी पाहिला की फोन होणार, फोन झाला की गाडी येणार, गाडी आली की पट्टी उचलणार. आणि पट्टी उचलेपर्यंत सांधा माझाच होता.

आबांनी दुपारी उशी सारखी करताना तो ओढून काढला.

"हाई काय शे?"

आबांचं बालपण सोनगीरजवळच्या खेड्यात गेलं. एरवी ते ऑफिसची शुद्ध मराठी बोलतात. घाबरले की अहिराणी येते.

"काही नाही. चहा सांडला."

"चहा? दोन दिन व्हयनात, तू चहाले हात लावा नही."

मी त्यांच्या हातातल्या डागाकडे पाहिलं. तपकिरी. हातभर नाही, तळहाताएवढा. पण रंग तोच. मी म्हणाले, "जरा पाण्याखाली धरता का? साबण लावू नका."

ते मोरीत गेले. नळाचा आवाज आला. मी खाटेवर पडून तो आवाज ऐकत होते. मनात एकच होतं, निघू नको. आयुष्यात पहिल्यांदा मी डाग निघू नये म्हणून देवाला हात जोडले. नळ बंद झाला. आबा ओला परकर दोन्ही हातांनी पसरून दारात उभे राहिले, काम फत्ते केल्यासारखे, हसत.

"निंघी गया! बठ्ठा निंघी गया!"

मी उशाशी ठेवलेला फोन उचलला.

मी दवाखान्याला फोन करायला हवा होता. मी नंदाला केला. तिचा नंबर अजून माझ्याकडे होता. दिवाळीला ती केळ्याचे वेफर पाठवते. मी सगळं सांगितलं.  तिने विचारलं, "धुतला तं निघाला?"

"निघाला."

"ताप हाय?"

"नाही."

"आबांईनी पट्टी पाह्यली?"

"त्यांना भीती वाटते गं."

"मले नव्हती का वाटत?" नंदा म्हणाली. "मंग मले काऊन ओरडल्या व्हत्या? ठेवा हा फोन, दवाखान्यात लावा. लावला की मले सांगा."

मी फोन लावला. पलीकडे रेश्मा होती, आता ती माझ्या जुन्या वॉर्डची मुख्य सिस्टर आहे. म्हणाली, "मॅडम, पट्टी काढू नका, फक्त वरून बघायला सांगा आबांना. आणि निघा." मी आबांना हाक मारली. "या इकडे. काय वाटतं ते नको, काय दिसतं ते सांगा."

ते वाकले. त्यांचा श्वास माझ्या मांडीला लागत होता. "पट्टी शे. वरथीन कोरडी शे." मग थांबले. "खाले… कोपरा सुटेल शे. बोरएवढं वल्लं शे." आणि खाली बसले, जमिनीवर. पण पाहिलं त्यांनी. डोळे उघडे ठेवून पाहिलं.

धुळ्याहून जळगाव, पारोळा, एरंडोल. कापसाच्या गाड्या पुढे, एकेक गतिरोधक शिवणीतून जात होता. आबा पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला "हळू, हळू" म्हणत होते, आणि मला वाटत होतं, जोरात ने, आणि वाटत होतं, पोचवू नको.

रेश्माने मला कुशीवर घेतलं. पट्टीचा कोपरा धरला आणि ती थांबली. तो एक क्षण. मला तो क्षण पट्टी उचलणारीच्या बाजूने माहीत होता, आता पेशंटच्या बाजूने कळला. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिने काहीच दिसू दिलं नाही, मी शिकवलं होतं तसं.

डॉक्टरसाहेब आले. त्यांनी दाबून पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं. म्हणाले, "सगळ्यात खालची पिन जरा सैल झाली आहे, तिथून जुनं रक्त येतंय. तेवढंच असलं तर थांबेल. चार दिवस इथे ठेवतो. कोरडं झालं नाही, तर उघडून धुवावं लागेल." मग माझ्याकडे पाहून, "तुम्हांला काय सांगायचं, सिस्टर." सांगा की, असं माझ्या ओठावर आलं होतं. सगळं सांगा. मला काहीही येत नाही असं धरून सांगा.

रेश्माने कागद लिहिला आणि आबांच्या हातात दिला. मी मागून घेतला. मराठीत होतं: सगळ्यात खालच्या पिनेजवळ बोराएवढा ओलावा. पातळ, तपकिरी. लाली नाही, वास नाही. खालचं टोक मी स्वतः पाहिलं.

मी तो चार वेळा वाचला. धीर आला असं नाही, भीती तेवढीच होती. पण तिला आता आकार होता, बोराएवढा.

पहिल्या सकाळी ओलं. दुसऱ्या सकाळी ओलं, पण लहान. तिसऱ्या सकाळी दुसऱ्या दिवसाएवढंच. त्या दिवशी मी जेवले नाही आणि आबांनीही डबा उघडला नाही. रोज नंदाचा फोन यायचा आणि नमस्कार-चमत्कार न करता ती विचारायची, "आज निघाला का डाग?" तिसऱ्या दिवशी अक्काही फोनवर आल्या. काही विचारलं नाही. "पाह्यत राहा म्हनावं," एवढंच म्हणाल्या.

चौथी सकाळ संक्रांतीची होती. वॉर्डमध्ये तिळगूळ वाटत होते, कुणाच्या तरी हातातली डिश खणखणत होती. रेश्माने पट्टी उचलली.

"कोरडं आहे मॅडम."

"खालचं टोक?"

"खालचंच सांगतेय मी!" आणि तिला हसू आलं, कारण तिची सगळी नक्कल मीच करून दाखवली होती.

मी आबांना बोलावलं. ते वाकले, चष्मा कपाळावर सारला, अगदी जवळून पाहिलं. "कोरडं शे," म्हणाले. मग पुन्हा पाहिलं. "खालचं टोकबी कोरडं शे, माय." बायकोला माय म्हणाले हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

नंदाला कळवलं, आज धुवायला काही नाही. ती रडली की तिचा फोन खरखरला, ते कळलं नाही.

त्याच दिवशी तुमचा फोन आला. कबीर, तू पुन्हा तेच विचारलंस. या वेळी मी सांगितलं, "हो, दुखतं. बसताना. खालच्या टोकाला, ओढल्यासारखं. कालच्यापेक्षा कमी."

"मग त्या दिवशी नाही का म्हणालीस?" ईरा, तू विचारलंस.

"भीती वाटत होती."

 आजीला भीती वाटते, हे तुम्हांला नवं होतं. मग कबीर, तू म्हणालास, "कुठे आहे? दाखव ना."

आबा म्हणाले, "लहान लेकरंस्ले काय दखाडस?" मी त्यांच्या हातात फोन दिला आणि नवी पट्टी जिथे संपते तिथे धरायला सांगितला. "कोरडं की ओलं, दिसतं ते सांगा," मी तुम्हांला म्हणाले. पडद्यावर काय दिसलं असेल कुणास ठाऊक. मला तर तेही दिसत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि वाट पाहत होते.

ईरा, तू नाक काचेला टेकवलं असावंस, कारण तुझा आवाज अगदी कानाशी आला.

"आजी, कोरडं आहे."